आपले वाद्य कोणते?

जून महिना उजाडला, शाळेच्या पटावर नवी नावे चढली, की चार-दोन पालक मला रस्त्यात गाठतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात, "मास्तर, पोराला पेटी लावावी का तबला?" मी शिकवतो मराठी आणि इतिहास. संगीताशी माझा संबंध एवढाच, की शाळेच्या प्रार्थनेला पेटी मी वाजवतो, आणि तीही दुसरे कोणी वाजवायला नाही म्हणून. तरी लोक विचारतात आणि मीही शहाणपणाचा आव आणून उत्तर देतो. मुलाचा कान कुठे वळतो ते पाहा, हात केवढा आहे ते पाहा, वर्षभर रोज अर्धा तास बसेल का ते पाहा, मग ठरवा. उत्तर वाईट नाही. कित्येक वर्षे ते मी इतरांना देत आलो. गेल्या नवरात्रात मात्र हाच प्रश्न माझ्या घरात आला, आणि ते उत्तर देण्याचे मला सुचलेसुद्धा नाही.

झाले असे. आमच्या गावी ग्रामदेवतेच्या देवळापुढे नवरात्रात पहाटे सनई वाजते. माझी नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर काकडआरतीला गेली होती. परत आली ती पायातल्या चपला न काढताच म्हणाली, "बाबा, मला ते शिकायचंय." "काय?" "ते तोंडानं वाजवतात ते." मी दाढी करीत होतो. आरशातून नजर न काढता बोलून गेलो, "ते आपलं नव्हे गं."

ही वाक्ये माझी नव्हती. मी आठ वर्षांचा असताना भोपळ्याच्या पानाच्या देठाची पिपाणी करून दिवसभर फुंकीत हिंडत असे आणि मला खरी सनई हवी होती. तेव्हा आजोबांनी हेच शब्द याच सुरात मला ऐकवले होते आणि माझ्यापुढे घरातली पेटी ठेवली होती. मी पुढे काही बोललो नाही. माझी मुलगी बोलली. तिने विचारले, "आपलं म्हणजे?"

इतिहासाच्या मास्तराला याचे उत्तर येऊ नये ही शरमेची गोष्ट. म्हणून हा लेखनप्रपंच.

पोरासाठी वाद्य 'निवडणे' ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या आमच्यासारख्या गावात हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण वाद्य जन्माबरोबर येई. देवळातला चौघडा आणि पखवाज गुरवाचा. लग्नातली, वरातीतली सनई आणि सूर होलारांचा, कोरव्यांचा, कुठे न्हाव्यांचा. हलगी मातंगांची आणि महारांची. संबळ गोंधळ्याचा, डौर जोगी-भराड्याचा, तुणतुणे शाहिराच्या मागे उभ्या राहणाऱ्या सुरत्याचे. वारकऱ्याचा टाळ तेवढा सर्वांचा. तो कोणीही गळ्यात अडकवावा. ज्या घरात तुम्ही जन्माला आलात त्या घराच्या खुंटीवर तुमचे वाद्य आधीच टांगलेले असे. खुंटी रिकामी असली, तर ती तशीच राही.

यामागे शुचितेचे एक सूक्ष्म शास्त्र होते आणि ते पाहण्यासारखे आहे. तोंडाने फुंकायचे वाद्य उष्टे. कातड्याने मढवलेले वाद्य मेलेल्या जनावराचे. म्हणून वरच्या म्हणवणाऱ्या जातींनी या दोहोंना सहसा हात लावायचा नाही. पण शंखही तोंडानेच फुंकतात, आणि तो थेट देव्हाऱ्यात! तिथे उष्टे आड येत नाही. मुरली कृष्णाने फुंकली म्हणून ती चित्रात पवित्र. तरी तीही मोठ्या मैफलीचे वाद्य झाली ती विसाव्या शतकात पन्नालाल घोष यांच्या हातून. कातड्याचेही तेच. पखवाज कातड्याचाच; पण तो कीर्तनात आणि देवळात वाजे, म्हणून प्रतिष्ठित घरांतले लोकही तो शिकत. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे पुढे इंदूरला जाऊन पखवाजाचे घराणेच निर्माण करून गेले. त्याच पखवाजाच्या वंशातला तबला मात्र कोठीवर वाजतो, म्हणून पोराने तबल्याला हात लावला की बापाच्या कपाळाला आठी. म्हणजे दोष कातड्याचा नव्हता, थुंकीचाही नव्हता. वाद्य कोणाच्या दारात वाजते, यावर त्याची जात ठरत होती. आणि ज्याच्या सनईने देव जागा होई त्या वाजंत्र्याने पायरीच्या बाहेरच उभे राहावे, असाही दंडक अनेक गावी होता.

सारंगीची कथा तर याहून करुण आहे. गळ्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे वाद्य नाही असे जाणकार म्हणतात. तीन मुख्य तारा तातीच्या, त्यांच्याखाली पस्तीसच्या वर तरफा. बोटाच्या टोकाने नव्हे, तर नखाच्या मुळाशी तार घासून वाजवायचे. वर्षानुवर्षे तिथे घट्टे पडतात. एवढे कष्ट करून वाजवणाऱ्याला काय मिळे, तर गाणाऱ्या बाईच्या मागे उभे राहण्याची जागा आणि गावाची कुत्सित नजर. मुंबईत आयुष्य घालवलेले पंडित रामनारायण यांचा जन्म १९२७ चा, उदयपूरकडचा. त्यांच्या घरी येणारा वंशावळी लिहिणारा भाट एक छोटी सारंगी मागे ठेवून गेला आणि सहा-एक वर्षांच्या मुलाने ती उचलली. वडील स्वतः दिलरुबा वाजवणारे. पण त्यांना काळजी पडली. वाद्य अवघड, आणि त्याहून मोठी गोष्ट, बदनाम. तरी त्यांनी मुलाच्या हातातून ती काढून घेतली नाही. स्वतःच बोटे ठेवायला शिकवले. त्या मुलाने पुढे सारंगीला एकटीने मैफल करायला लावले, आणि त्यांच्या कन्या अरुणा नारायण याही सारंगीवादक झाल्या. २०२४ साली रामनारायण गेले तेव्हा मला आठवण झाली ती त्यांच्या वडिलांची. एका बापाने एके दिवशी 'ते आपलं नव्हे' म्हटले नाही, एवढ्यावर केवढे राहून जाणारे घडून गेले!

गोव्याचा मासला वेगळा. तिथे वाद्य जातीने नव्हे, चर्चने ठरवून दिले. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तिथला मेस्त्र मुलांना सुरांचे पाठ आणि व्हायोलिन शिकवी. पुढे याच शिक्षणाच्या जोरावर गोव्याची माणसे मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मुलाला काय आवडते असे तिथेही कोणी विचारले नसेल. पण निदान व्हायोलिन हातात दिले म्हणून त्याची पायरी खाली येत नव्हती.

आता आपल्या पेटीकडे येतो.

पेटी परदेशी हे सर्वांना ठाऊक आहे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें याने १८४२ साली हार्मोनियम या नावाने तिचे पेटंट घेतले. तिच्यातल्या थरथरणाऱ्या पट्टीची कल्पना मात्र युरोपात गेली ती आशियातून, चीनच्या 'शेंग' नावाच्या वाद्यावरून. म्हणजे माहेर पूर्वेचे, सासर पश्चिमेचे, आणि मिशनऱ्यांबरोबर ती पुन्हा इकडे आली. पण ती होती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण जमिनीवर बसणारी माणसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय कापले आणि भाता पाठीशी आणला. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या. हातपेटी झाली. कीर्तनाला नेता येते, बैलगाडीत घालता येते, पावसाळ्यात तारा उतरत नाहीत, आणि पट्टी दाबली की सूर ठरलेला. तो शोधावा लागत नाही.

पण माझ्या मते तिच्या प्रसाराचे खरे कारण निराळेच होते. पेटी कोणाच्याच जातीची नव्हती! साहेबाच्या देशातून आलेली; गावच्या बलुत्या-अलुत्यांच्या यादीत तिला रकाना नव्हता. तोंड लावावे लागत नाही, म्हणून उष्टे नाही. कातडे वरून दिसत नाही, म्हणून विटाळ नाही. वास्तविक भात्याच्या घड्यांना कातडे लावलेले असते; शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते आत दडलेले. आपल्या समाजाला दडलेल्याची अडचण कधीच नव्हती.

मग ती सगळीकडे शिरली. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला होता आणि शिकल्यासवरल्या लोकांनी गाणे शिकण्यात काही गैर नाही, असे म्हणायला सुरुवात झाली होती. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० साली आणि 'सौभद्रा'ने १८८२ साली गाणे घराघरात नेले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली म्हणून गाण्याकडे वळले, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे फी भरून कोणालाही वर्गात बसता येऊ लागले. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ साली मंडळ स्थापले, परीक्षा सुरू केल्या, आणि 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' हे शब्द मध्यमवर्गीय घरात मॅट्रिकच्या खालोखाल मानाचे झाले. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे शिकले वकिली आणि वाजवली पेटी. १९११ साली आलेल्या 'मानापमाना'च्या चाली त्यांच्याच. शिकलेल्या घरातला मुलगा वाद्य वाजवतो म्हणून नाव काढतो, हे लोकांनी त्यांच्या रूपाने डोळ्यांनी पाहिले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तर पायपेटीचा थोरला भाऊ ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी बसले. तबल्याच्या कपाळावरची आठी पुसायला तो खड्डा पुष्कळ कारणी लागला, असे मला वाटते.

आणि केवळ पांढरपेशांचीच ही कथा नव्हे. सत्यशोधक जलसे, पुढे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव हिंडले, त्यांच्याही पुढ्यात पेटी होती. गावकीची वाद्ये गावकीच्या लाचारीसकट खाली ठेवायची, असे अनेक गावांतल्या महार मंडळींनी ठरवले. मेलेली ढोरे ओढणार नाही आणि तुमच्या वरातीपुढे वाजवणारही नाही, म्हणाले. खाली ठेवलेल्या त्या हलगीच्या जागी जे उचलले ते पेटीसारखे कोऱ्या पाटीचे वाद्य. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिनचे धडे घेत असत. व्हायोलिनलाही आपल्याकडे जात नव्हती, ही गोष्ट त्यांच्या मनात होती की नव्हती कोण सांगणार? पण मला ती लक्षणीय वाटते.

आमच्या घरातली पेटी आली ती मात्र संगीतासाठी नव्हेच. ती १९५८ साली आजोबांनी मिरजेहून आणली. 'जर्मन सुरांची आहे' असे ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. कारण होते थोरल्या आत्याचे लग्न. त्या काळी मुलगी पाहायला मंडळी आली की पोहे होत, नाव-गाव विचारून होई, आणि मग कोणीतरी पानाचा विडा गालात सारून म्हणे, "एखादं पद म्हणून दाखव, बाळ." की पेटी पुढे सरकवायची. गावातले भजनी मंडळाचे बुवा आत्याला शिकवायला येत. आत्या आज पंच्याऐंशीची आहे. दृष्टी कमी झाली आहे, पण पेटीचा विषय काढला की तिची बोटे लुगड्याच्या काठावर हलू लागतात. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला विचारले, "आत्या, तुला किती पदं येत होती गं?"

"दोन," ती म्हणाली. "पाहायला येणाऱ्यांना दोन पुरायची. तिसरं बुवांनी धरलं होतं, अस्ताई बसली होती. अंतरा यायच्या आत ठरलं."

"मग सासरी?"

"सासरी पेटी नव्हती."

महाराष्ट्रातल्या किती घरांत अशा दोन पदांच्या बायका होऊन गेल्या असतील, याचा हिशोब कोणत्याही वार्षिक अहवालात मिळायचा नाही. वाद्याची दारे सर्वांना उघडली असे आपण म्हणतो तेव्हा कोणाला दिवाणखान्यापर्यंत आणि कोणाला उंबऱ्यापर्यंतच येऊ दिले, तेही पाहिले पाहिजे.

इकडे विद्वानांत पेटीवर आग बरसत होती, आणि त्यांचेही चूक नव्हते. सप्तकाला बाराच पट्ट्या. मींड निघत नाही, आंदोलन निघत नाही, आणि साहेबी पद्धतीने समान वाटून टाकलेले सूर आपल्या गंधार-धैवतांशी जुळत नाहीत. आमच्या सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. न्यायखात्यातले एक साहेब, क्लेमंट्स, त्यांच्या नादी लागले आणि त्यांनी लंडनहून खास श्रुतिपेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. भातखंडे पंडितांना ती पटली नाही. पेटी सुधारण्याची हौस मात्र मराठी माणसाची सुटलेली नाही, अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे.

शेवटी १ मार्च १९४० पासून नभोवाणीने पेटीला बंदी केली. बंदीची पार्श्वभूमी तयार करणाऱ्यांत जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते, म्हणजे पाश्चात्त्य वाद्याची हकालपट्टी पाश्चात्त्यानेच सुचवावी! रवींद्रनाथांनाही पेटी खपत नसे. स्वातंत्र्य आले, तरी बंदी राहिली. १९५२ ते ६२ या काळात नभोवाणीचे मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, त्यांनी ती कसून पाळली. पु. ल. देशपांड्यांसारखा पेटीत रमणारा माणूस नभोवाणीत नोकरी करीत होता, आणि तिथे पेटीला मज्जाव. घरोघर मुली पेटीवर पदे बसवीत होत्या आणि कोपऱ्यातला रेडिओ सांगत होता, हे वाद्य आमच्या दारात नको. १९७१ साली ही बंदी उठली, तीही एकदम सर्वांना नव्हे.

एक मात्र सांगितले पाहिजे. या तीस वर्षांत नभोवाणीला गवयाच्या साथीला कोणी तरी हवेच होते. त्यामुळे सारंगियांना सरकारी नोकऱ्या मिळाल्या. पेटी परत आली तशी त्यांची साथ ओसरत गेली. एकाला दार उघडले की दुसऱ्याला लागते, हे इतिहासात इतक्या वेळा भेटते की मुलांना शिकवताना मलाच कधी कधी कंटाळा येतो.

मिरज आमच्यापासून एस.टी.ने अर्ध्या तासावर. तिथल्या सतारमेकर गल्लीत मुलीला घेऊन गेलो. सनईचे वेड तंबोरा पाहून उतरेल, अशी माझी लबाड आशा. या गल्लीचा इतिहास मी वर्गात रंगवून सांगतो. ही मूळची शिकलगार मंडळी. तलवारी-भाल्यांना पाणी देणारी. कंपनी सरकार स्थिरावले, हत्यारे गंजली, धंदा बसला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवायला घेतले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि तलवारीला धार लावणाऱ्या हाताने जवारी लावणे! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराने मुलीचा हात हातात घेतला, बोटे पसरून पाहिली आणि म्हणाला, "सतारीला अजून दोन वर्षं थांबा. हात पोचायचा नाही. तंबोरा चालेल, बायकांचा लहान असतो." मग तिलाच विचारले, "काय आवडतं?" ती म्हणाली, "सनई." तो हसला. "ती आमच्याकडं नाही, बेटा."

परतताना गाडीत ती खिडकीला नाक लावून बसली होती. मी हिशोब करीत होतो. आमच्या मंडळींचे मत की-बोर्ड घ्यावा, कानाला हेडफोन लावता येतो, शेजाऱ्यांची तक्रार नको. मेव्हण्याचे मत गिटार. शाळेतल्या सहकाऱ्यांचे मत, मुलीला नाचच बरा. या सर्व मतांत एक गोष्ट समान होती. सनईचे नाव निघाले की प्रत्येकजण आधी हसत होता आणि मग कारण शोधत होता. छाती दुखते, गाल सुजतात, मुलीच्या जातीला शोभत नाही. यातले मुलीच्या जातीला म्हणजे बाईच्या जातीला, असे समजून घ्यायचे. तसे ते म्हणणाऱ्यांनाही समजून घ्यायचे होते.

शेवटी मी देवळातल्या सनईवाल्यांकडे गेलो. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्या घरी मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. एवढ्या वर्षांत कारण पडले नव्हते, असे स्वतःला सांगत होतो. तात्यांनी चटई टाकली, पोराला चहाला पिटाळले आणि माझे सगळे ऐकून घेतले.

"मास्तर, पोरगी हौसंनं म्हणत आसंल," ते म्हणाले. "पर ह्यो दमाचा धंदा हाय. आन् खरं सांगू का, मी माज्या पोरांस्नी शिकीवली न्हाई. थोरला बँजो पार्टीत की-बोर्ड वाजीवतोय. धाकटा हाय न्हवं ह्यो, नववीत, ह्येला तुमच्या शाळंतल्या पेटीचं याड लागलंय. मी त्येला म्हनलं, शीक. पेटी शिकला तर कुटंतर मास्तर म्हनून चिकटंल. सनई वाजीवनाऱ्याला लगनात कुनी 'आत बसा, जेवा' म्हनल्यालं मी अजून ऐकलं न्हाई. पंगत उठल्यावर मांडवाच्या कडंला पान देत्यात."

मी कप खाली ठेवला. माझ्या स्वतःच्या लग्नात सनई तात्यांचीच होती. ते कुठे जेवले होते, ते मला आठवेना.

"तुमच्या घरी पेटी हाय म्हनं जर्मन सुरांची," ते जरा थांबून म्हणाले.

"आहे. काळी चार अडकते."

"अडकू दे."

अशी देवघेव ठरली. दर शनिवारी शाळा सुटली की तात्यांचा धाकटा आमच्या घरी पेटीवर बसतो. त्याची बोटे माझ्यापेक्षा लांब आहेत आणि अडकलेली काळी चार तो उजव्या हाताच्या करंगळीने हळूच वर उचलून पुढे जातो, सुराला धक्का न लावता. आत्या भिंतीला टेकून ऐकते. मागच्या शनिवारी तिने त्याला आपल्या तिसऱ्या पदाची अस्ताई गुणगुणून दाखवली आणि अंतरा कुठे मिळतो का पाहा म्हणाली. भजनी मंडळातल्या कोणाला तरी विचारून येतो, म्हणाला आहे.

मुलगी त्याच वेळी तात्यांच्या अंगणात असते. तिला सनई अजून मिळालेली नाही. आधी सूर. सनईच्या मागे एकच स्वर अखंड धरणारा जो असतो त्याला श्वास तोडायची मुभा नसते. गालात हवा साठवायची आणि ती सोडता सोडता नाकाने नवी घ्यायची. त्यासाठी तात्यांनी तिला पपईच्या देठाची नळी कापून दिली आहे. तांब्यात पाणी घ्यायचे, नळी बुडवायची, फुंकायचे आणि बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर हा उद्योग चालतो. फरशी ओली होते, आमची मंडळी कुरकुरतात. काल दिवेलागणीला बुडबुडे प्रथमच दुसऱ्या श्वासावर टिकले. आत्या मोजत होती. ती म्हणते, अकरा झाले. मुलगी म्हणते, तेरा.